फोन आडवा धरल्यावर

शेलूबाजार,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. रवी,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. थंडी ओसरली तसा आईचा गुडघा जरा मोकळा झाला आहे. तिने तुझ्यासाठी हरभऱ्याची वाळवलेली भाजी डब्यात भरून ठेवली आहे. आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे मालक सैफुद्दीनभाई आज ट्रॅव्हल्सने पुण्याला निघतात, त्यांच्या हाती ती भाजी आणि हे पत्र देते आहे. भाजी आईने दिली आहे, मी नाही. खाशील तेव्हा तेवढं लक्षात ठेव.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं. पण तिथे तू अर्धं वाचतोस, अंगठा उमटवतोस आणि मोकळा होतोस. रविवारपासून तुझे आठ-दहा फोन येऊन गेले, एकही उचलला नाही. तुझा आवाज ऐकला तर मला शिव्या सुचल्या असत्या, आणि घरात आई असते. कागदावर शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून हा कागद.

परिचय मेळावा कसा झाला ते तुला पंजाबरावांनी सांगितलंच असेल. ते समितीचे अध्यक्ष, तुझे होणारे सासरे, त्यांनी त्यांच्या सोयीचं सांगितलं असणार. मी हॉलमध्ये होते, तू पुण्यात होतास. म्हणून माझ्याकडून ऐक.

मंगरूळपीरचा हॉल सकाळीच भरला होता. आसेगाव, इंझोरी, कारंजा, रिसोड, कुठून कुठून जीप भरभरून माणसं आली होती. नेहमीसारखंच, मुलं-मुली स्टेजवर जाऊन माइकवर नाव, शिक्षण, अपेक्षा सांगत होती. आवाज कापायचा, अपेक्षेच्या ठिकाणी सगळेच ‘निर्व्यसनी’ म्हणायचे. दरवर्षी दारात ती जाड परिचय पुस्तिका मिळायची, यंदा तिच्या जागी एक चौकोनी कोड चिकटवला होता. फोनने टिपला की तू बनवलेलं, दिवाळीपासून नेटवर असलेलं पान उघडायचं. पंजाबरावांनी माइकवरून तुझं नाव दोनदा घेतलं. ‘आपल्या समाजाचा इंजिनिअर, पुण्यात असून समाजाले इसरला नाही.’ टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आज ते हात घासून धुवावेसे वाटतात.

कारण पान खरोखर सुरेख झालं होतं रे. तुझं ग्रिड, कार्डांची ती मांडणी, मला आधीपासून आवडली होती. मोठ्या स्क्रीनवर एका ओळीत चार कार्डं, टॅबवर दोन, फोनवर एकाखाली एक, आणि कुठेही फोटो चेपलेला नाही की नाव तुटलेलं नाही. हे सगळं तूच मला शिकवलंस. मी सासरहून परत आले ते वर्ष आठव. घरात कुणाशी बोलत नव्हते. तू रोज पुण्यातून व्हिडिओ लावायचास आणि सॅसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप लिहायच्या भाषेत, एकेक गोष्ट दाखवायचास. रंग एकदाच लिही, नाव दे, मग तो बदलला की सगळ्या पानावर बदलतो. मिक्सिन म्हणजे एकदा बांधून ठेवलेली कृती, हवी तिथे नाव घेऊन लावायची. आणि एकदा माझं कार्ड फोनवर कडेला कापलं गेलं तेव्हा तू चिडला होतास. ‘ताई, स्क्रीन लहान असला तर आपण कार्ड लहान करायचं, जागा बदलायची, पण कुणाचं कार्ड पडू द्यायचं नाही, त्यासाठीच तर हे सगळं करतो आपण.’ त्या शिकवण्यामुळे मी माणसांत आले. सैफुद्दीनभाईंनी कामावर घेतलं ते त्याच्याच जोरावर. हे मी विसरले नाही, विसरणारही नाही, आणि म्हणूनच जास्त ओकारी येते.

जेवणाच्या आधी माझ्याशेजारी आसेगावच्या रुपाबाई येऊन बसल्या. तू त्यांना ओळखत नाहीस. मजुरीला जाणारी बाई, कानाला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलतात मोठ्याने. मुलगा गेल्या साली विजेचा धक्का बसून वारला. सुनेचं दुसरं लग्न करून द्यायचं म्हणून सासूच सुनेला घेऊन मेळाव्याला आली होती. सून विजयमाला, शिवणकाम करते, खाली मान घालून शेजारी बसलेली. किती घरांत सासू असं करते, सांग बरं.

रुपाबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. ‘पोरी, तू त कंपूटरवाली दिसतं. माह्या सुनेचा फोटो याच्यात दिसून नाही राह्यला. थ्या पडद्यावर त हाये.’

पडद्यावर खरंच होता. स्टेजवर पंजाबरावांचा लॅपटॉप जोडला होता, भिंतीवर चार-चार कार्डं सरकत होती, आणि ते माइकवर सांगत होते, ‘एकबी कार्ड मांघं ठेवलं नाही. घटस्फोटित असो, विधवा असो, समाजानं समद्यायले सारखं धरलं पाह्यजे. पाहा, पडद्यावर पाहा!’

मी रुपाबाईंच्या फोनवर शोधलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. विजयमाला नव्हती. म्हटलं नेट अडलं असेल, पान पुन्हा उघडलं. नव्हती. त्यांना फोन परत देताना तो माझ्या हातात आडवा झाला, स्क्रीन फिरला, ओळीत एकाऐवजी दोन-दोन कार्डं आली, आणि त्यात विजयमाला हसत उभी. मी फोन उभा केला. गेली. आडवा केला. आली.

रुपाबाई हरखल्या. ‘आवं माय! आडवा धरला की दिसते!’ आणि ती बाई उठली. प्रत्येक रांगेपाशी जाऊन सांगायला लागली, ‘फोन आडवा धरा, माही सून दिसते.’ तिला वाटलं फोन धरायचीच ती पद्धत आहे. मला मात्र त्याच क्षणी कळलं होतं. असं आपोआप घडत नाही. अमुक रुंदीच्या आत कार्ड दाखवू नकोस असं कुणीतरी बसून लिहावं लागतं.

पुढचं सांगायलाही शिसारी येते. हॉलमधल्या सगळ्यांनी फोन आडवे केले. कुणाला तरी कळलं की यात आणखीही कार्डं निघतात. मग मागच्या रांगांमधल्या पोरांना खेळच मिळाला. उभा, आडवा, उभा, आडवा. ‘हे पाय, हे बी निंगाली!’ ‘अबे, हा लंगडा बी याच्यातच!’ फिदीफिदी हसणं. जी माणसं हिंमत करून, फोटो काढून, घरच्यांना राजी करून इथवर आली होती, ती एकेक करून शोधली जात होती आणि पोरं टाळ्या देत होती. विजयमालाने सासूचा पदर ओढला. ‘आत्या, बसा ना. हात जोडतो तुमाले, बसा.’ रुपाबाईंना काहीच कळेना, सगळे हसतात म्हणून त्याही थोड्या हसल्या. मग सुनेचं तोंड पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वरण-बट्टीच्या पंगतीत दोघी दिसल्या नाहीत. उपाशीच गेल्या.

पोरांनी आणखी एक नाव मोठ्याने वाचलं होतं. ते पुढे लिहिते.

काल सेंटरवर गेले आणि तुझी फाइल उघडली. कार्डांचं रंगरूप मी केलं होतं, म्हणून फायली माझ्याकडे होत्याच. ग्रिडच्या फायलीत मी कधी डोकावले नव्हते, तुझं काम तपासायची काय गरज, असं वाटायचं. तिथे ते मिक्सिन होतं. फोनच्या रुंदीपर्यंत कार्ड गायब, त्याहून रुंद स्क्रीनवर दिसेल. जेमतेम चार ओळी. स्वच्छ, नीट लिहिलेल्या, तुझ्या सवयीप्रमाणे. आणि ज्या कार्डांना ते लावायचं त्यांच्या क्लासला, त्यांना ओळखायच्या खुणेला, तू नाव दिलं होतंस ‘उरलेले’.

उरलेले, रवी? पंगत उठल्यावर भांड्याच्या तळाशी राहतं ते? शिळं, कुत्र्याला घालायचं? नाव द्यायचंच होतं तर तुला दुसरा शब्द सुचला नाही? तिथे कुणी वाचणार नाही म्हणून मनातला शब्द लिहिलास ना. वेब पेज उघडणाऱ्याला काही कळत नाही, लिहिणाऱ्याला मात्र कळतं. तो शब्द टाइप करताना तुझी बोटं अडली नाहीत याचीच मला किळस आली.

आईजवळ फोनवर तू म्हणालास की समितीने सांगितलं, मी केलं. मी पंजाबरावांना विचारलं. त्यांनीही हात झटकले, पण एक गोष्ट खरी बोलले असं वाटतं. ‘म्या एवढंच म्हणलं व्हतं का पयलं लगन असलेले वर ठेव. लपवाचं डोकं त्याचंच हाये. थोच म्हणे, काका, पडद्यावर समदे दिसतीन, कोणी बोलणार नाही, अन् फोनवर पान साफ दिसन.’ म्हणजे त्यांनी मागितलं त्याहून तू जास्त दिलंस. जावई व्हायच्या आधीच सासऱ्याला भेट. त्यांच्या त्या माइकवरच्या भाषणासाठी भिंत सजवून दिलीस. आपल्या जिल्ह्यात किती घरांत कॉम्प्युटर आहे हे तुला माहीत आहे. जो तो पान फोनवर बघणार हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तू म्हणशील, ताई, ते आपोआप लागतं. फॉर्ममध्ये वैवाहिक स्थितीचा रकाना आहे, तिथे ‘अविवाहित’ सोडून काही असलं की क्लास लागतो. हो, ती ओळ मी पाहिली. पण आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका शिक्षकाला कसा लागला? तो अविवाहित आहे. त्याच्या ओठाजवळ पांढऱ्या कोडाचा डाग आहे, एवढंच. त्या पोलिओ झालेल्या मुलालाही लागला. फोटोवरून डाग ओळखणारी ओळ तू लिहिलेली नाहीस. तू बसून एकेक फोटो मोठा करून पाहिलास आणि हाताने वेगळे काढलेस. डाळीतले खडे निवडतात तसे.

आणि एक कार्ड असं होतं ज्यात तो रकाना रिकामाच होता. भरणाऱ्या बाईने मुद्दाम रिकामा सोडला होता, कारण तो शब्द लिहायला तिचा हात धजत नव्हता. रिकाम्या रकान्याला तुझी ओळ काही करत नाही, मी तपासलं. तरी त्या कार्डालाही ‘उरलेले’ लागलं होतं. हाताने.

हे लिहायचं मी पानभर टाळत आले. तुला तर केव्हाच माहीत आहे. ते माझं कार्ड.

घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर एक दिवस सेंटरवर कुणी नव्हतं तेव्हा भरलं. फोटो यूसराने काढला, सैफुद्दीनभाईंच्या मुलीने. तो निळा कुर्ता घातला होता. मला वाटलं होतं, बघू. कुणी विचारलं तर विचारलं. फोनवर माझं कार्ड उघडून बघायचं मी धाडस केलंच नाही, लाज वाटायची. सेंटरच्या कॉम्प्युटरवर मात्र कधी कधी बघायचे. तिथे मी होते, दुसऱ्या ओळीत, व्यवस्थित. इतके दिवस एकही फोन आला नाही तेव्हा मी स्वतःचीच समजूत घातली की आता आपल्याला कोण विचारणार. आरशात बघून स्वतःला नावं ठेवली. माझ्यात काही कमी आहे असं मला वाटत राहिलं, रवी, आणि तुला सगळं ठाऊक होतं.

मागच्या रांगेतल्या पोराने वाचलं ते नाव माझं होतं. ‘अबे, हे त संगीता! रव्याची बहीण! त्यानं बहीण बी लपवली!’ सगळा हॉल वळला. पंजाबराव माइक हातात घेऊन उभे होते, त्यांनी मला पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

तू फोटो पाहिलास. कार्ड उघडलंस. ताईला पुन्हा लग्न करायचं आहे हे तुला त्या क्षणी कळलं. मला फोन करून चिडवलं असतंस तरी चाललं असतं. ‘करू नको’ म्हणाला असतास तर भांडले असते. तू यातलं काहीच केलं नाहीस. तू क्लास लावलास, फाइल जतन केलीस आणि त्याच आठवड्यात मला मेसेज केलास की ताई, कार्डाचा निळा रंग छान झाला आहे. अध्यक्षाच्या मुलीशी आपलं जमतंय आणि आपलीच टाकलेली बहीण लोकांच्या हातातल्या फोनवर झळकायला नको, एवढाच हिशेब ना?

आता कालच्या तुझ्या मेसेजबद्दल. रविवारनंतर समाजाच्या ग्रुपवर लोक पंजाबरावांना अध्यक्षपदावरून उतरवायला निघाले आहेत, आणि ते उतरले तर तुझं लग्नही मोडेल म्हणून तुझी धावाधाव सुरू झाली. तू लिहिलंस, ‘ताई, ग्रुपवर एक व्हॉइस टाक. म्हण की कार्डाचं स्टाइलिंग माझ्याकडे होतं, टेस्टिंगचा कोड चुकून राहिला. तू म्हणालीस तर लोक ऐकतील, कारण तुझंच कार्ड त्यात होतं. तुझं काय जाणार आहे?’

मी ते वाचून खरंच मोरीत जाऊन ओकले. आई मागे येऊन पाठ चोळत होती, आणि पाठ चोळता चोळता म्हणत होती, ‘बाई, टाक ना एक शब्द. पोराचं जमून राह्यलं. तू मोठी हायेस, तू काहून मधात येतं?’ मी म्हटलं, आई, मला यानं लपवलं, आणि मीच म्हणू की मी स्वतःला लपवलं? ती रडायला लागली. तिच्यावर माझा राग नाही. तिला तो कोड म्हणजे काय तेही माहीत नाही. तुला माहीत आहे.

मी व्हॉइस टाकला नाही. टाकणार नाही.

तुझं ते मिक्सिन काल मी काढून टाकलं. ‘उरलेले’ जिथे जिथे होतं तिथून पुसलं, फाइल पुन्हा कंपाइल केली आणि नेटवर चढवली. आता उभ्या फोनवर सगळे दिसतात. तुझं ग्रिड तसंच ठेवलं आहे, त्याचं काही वाकडं झालं नाही. माझा रिकामा रकानाही भरला. ‘घटस्फोटित’ लिहिलं. लिहिताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. आसेगावला जाऊन विजयमालाला तिचं कार्ड फोनवर दाखवून आले. तिने पाहिलं, ‘बरं’ म्हणाली आणि मशीनवर शिवत राहिली. रुपाबाईंनी चहा केला, पण माझ्याकडे नीट बघितलं नाही. तुझी बहीण म्हणून मला ते सोसावं लागलं.

आज सकाळी तुझी होणारी बायको, पिंकी, सेंटरवर आली होती. वाशिमहून पहिल्या जीपने आली, नर्सिंगच्या ड्रेसवरच. पंजाबरावांना न सांगता. मला वाटलं लग्न वाचवायला आली आहे, तीही व्हॉइस टाकायला सांगेल. तसं काही बोलली नाही. स्टुलावर बसली आणि तिने सरळ विचारलं, ‘ताई, बाबा म्हंतेत का मशीनची चूक हाये. रवी म्हंते तुमची हाये. मले खरं सांगा. थे कोणं केलं?’

तुझं खोटं माझ्या तोंडाशी तयार होतं. आईने रडून, तू मेसेज करून दोघांनी ते मला पाठ करून दिलं होतं. एक वाक्य बोलले असते तर येत्या रविवारी तुझं साक्षगंध थाटात झालं असतं, बोटात अंगठी आली असती. मी तिला खुर्चीवर बसवलं, जुनी फाइल उघडली आणि त्या चार ओळी दाखवल्या. कोणती ओळ काय करते ते सांगितलं. ‘उरलेले’ तिने स्वतः वाचलं. नंतर माझं कार्ड दाखवलं. तिने माझा फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाली, ‘ताई, मी उद्या आजारी पडली, तोंडावर डाग आला, नाही त असंच काही झालं, त हा मले बी असाच लपवन का?’

मी म्हटलं, त्यालाच विचार. ज्याने सख्ख्या बहिणीला लपवलं त्याची हमी मी कशी देणार?

ती रविवारी येते आहे, पण साक्षगंधाला नाही. एकटी, आपल्या घरी, हाच प्रश्न तुला तोंडावर विचारायला. ‘त्याले सांगा का फोनवर नाही सांगाचं, समोर बसून सांगाचं,’ असं म्हणून गेली. आईला मी सांगितलेलं नाही, ती अजून साड्यांची घडी घालते आहे. तिलाही तूच सांग. मी त्या दिवशी घरी नसेन. मालेगावच्या त्या शिक्षकाने काल माझ्या कार्डावरून फोन केला होता. साधं बोलला. त्याची आई मला बघायला येणार म्हणाला, मी म्हटलं मीच येते. रविवारी मी तिकडे आहे.

शेवटी अनेक आशीर्वाद लिहितात. या वेळी तो शब्द माझ्या हातून लिहून होत नाही, खोटा लिहायचा नाही म्हणून सोडते. जयभीम लिहिते, तो लहान-मोठा पाहून म्हणायचा नसतो.

जयभीम.

संगीता